सिझेरियनचे टाके कोरडे ठेवा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात चारांतलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. वाशी-नेरूळच्या रुग्णालयातून बाळंतीण काही दिवसांत घरी येते. जखमेचा संसर्ग मात्र अनेकदा त्यानंतरच डोकं वर काढतो. त्वचा आणि तिच्याखालच्या चरबीपुरता राहिला, तर तो वरवरचा. बऱ्याचदा कारण असतो स्टॅफिलोकॉकस, आपल्याच अंगावर राहणारा जंतू. खाडीकाठची दमट हवा, ओटीपोटाची घडी आणि वरून करकचून बांधलेला पट्टा, मग घाम नेमका टाक्यांवर साचतो. त्यावर हळद, तेल, पावडर तर मुळीच नको. मधुमेह असेल तर जास्तच जपायला हवं. टाक्यांभोवती लाली पसरली, पू आला, ताप चढला, तर सव्वा महिना सरायची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.