७ टक्के तांब्याचा मोह

पापुआ न्यू गिनीतील न्यू आयर्लंड बेटापासून सुमारे ३० किलोमीटरवर, बिस्मार्क समुद्रात १६०० मीटर खोलीवर, सोलवारा-१ नावाचा तांब्याचा साठा आहे. तिथल्या खनिजात तांबे सरासरी ७ टक्के, शिवाय टनामागे पाचेक ग्रॅम सोने. जमिनीवरच्या अनेक मोठ्या खाणी हल्ली १ टक्क्याहूनही कमी तांब्यावर चालतात. गुंतवणूकदार भाळले, यात नवल नाही.

ही श्रीमंती येते कुठून? समुद्रतळाच्या भेगांतून पाणी आत झिरपते, शिलारसाच्या धगीने तापते, खडकातले धातू विरघळवून घेते आणि उसळून वर येते. बाहेर २-३ अंशांचे गार पाणी भेटले की धातूंची सल्फाइडे तिथेच साचतात, त्यांची धुराडी उभी राहतात. पण हे घडते भेगेच्या तोंडाशी, म्हणजे मोजक्या जागेत. त्यामुळे साठा कसदार, पण चिमुकला. सोलवारा-१ मधले खनिज अंदाजे २५ लाख टन. चिलीतल्या मोठ्या खाणीत दिवसाला लाख टनांहून अधिक खनिज दळले जाते. तिथे एवढा माल महिनाभरही पुरणार नाही. माझ्या मते पहिली धोक्याची घंटा हीच होती, आणि ती भूगर्भशास्त्राच्या अहवालातच वाजत होती.

नॉटिलस मिनरल्स या कॅनडाच्या कंपनीला २०११ मध्ये खाणपट्टा मिळाला. तळ खोदणारी तीन यंत्रे इंग्लंडमध्ये बनली. त्यांतले सर्वांत अवजड ३१० टनांचे. खनिजाचा रबडा पाइपातून जहाजावर उपसायचा, पाणी वेगळे करून परत खोल सोडायचे, खनिज चीनला धाडायचे, असा बेत. यंत्रे पाण्यात उतरवून तपासलीही. घोडे अडले जहाजापाशी. ते भाड्याने घ्यायचे ठरले होते; ज्याच्याकडून घ्यायचे, त्याने ते बांधणाऱ्या चिनी गोदीचा हप्ता थकवला. जमिनीवर छोटा खड्डा खणून, थोडा माल विकून पुढे जाता येते. इथे जहाज, पाइप, पंप आणि यंत्रे सगळे हजर असल्याशिवाय विक्रीजोगे काहीच वर येत नाही. तोवर व्याज मात्र चढत राहते.

किनाऱ्यावरचे लोक पहिल्यापासून विरोधात होते. हाक घालून शार्क बोलावण्याची त्यांची जुनी रीत आहे. समुद्र ढवळला तर ती कशी टिकणार? सरकारने तरीही १५ टक्के हिस्सा घेतला, सुमारे १२ कोटी डॉलर मोजून. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सरकारचे पैसेही बुडाले.

हिंदी महासागरात भारताकडेही खनिजशोधासाठी समुद्रतळाचे ७५ हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथल्या बहुधात्विक गोट्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. खोली मात्र सोलवाराच्या तिप्पट, सुमारे ५ किलोमीटर. तूर्त तिथे परवाना शोधकार्याचा आहे आणि पैसा सरकारी. उद्या एखादी कंपनी अशा खाणीचे शेअर विकायला आली, तर तांब्याची टक्केवारी नंतर वाचा. आधी साठा किती आणि जहाज कोणाचे, ते विचारा.