निखळलेली कडी

दोस्तांनो, मुलुंडच्या तुमच्या इमारतीत शेजारच्या काकूंच्या दाराची कडी बाहेरूनच निघते, हे तुम्हाला कळलं तर कुणाला सांगाल? काकूंनाच ना! सोलापूरच्या मयूर फरताडे या तरुणाला २०२१ साली अशीच कडी सापडली, इन्स्टाग्राममध्ये! खासगी ठेवलेले फोटोही त्या चुकीमुळे परक्याला पाहता येत होते. १६ एप्रिलला त्यानं फेसबुक कंपनीला कळवलं आणि दुरुस्ती झाल्यावरच चारचौघांत सांगितलं. बक्षीस मिळालं ३० हजार डॉलर!

अशा चुका विकतही घेतात बरं का! २०१५ साली झेरोडियम कंपनीनं आयफोनमध्ये शिरण्याच्या वाटेसाठी १० लाख डॉलर देऊ केले होते. पण असा गिऱ्हाईक चूक गुपितच ठेवतो. मग कडी निखळलेलीच राहते, आणि काकूंना पत्ताही नसतो!