सांध्यालाच विचारा

घरातलं मूल नटूनथटून समोर आलं की आजी त्याच्या गालांवरून हात ओवाळायची, मुठी स्वतःच्या कानशिलांवर टेकवायची आणि कडाकडा बोटं मोडायची. जितकी बोटं वाजली तितकी दृष्ट लागलेली, असा तिचा सरळ हिशोब. तो आवाज नेमका कशाचा, हे तिला कधी कुणी विचारलं नाही.

२०१५ साली कॅनडात, एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात, ग्रेग कावचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थेट बोटालाच विचारलं. मनात आणेल तेव्हा दहाही बोटं वाजवून दाखवणारा एक गडी त्यांना मिळाला होता. त्याचा हात एमआरआय यंत्रात ठेवला, बोटावर नळी घट्ट बसवली, नळीला दोर बांधला आणि हळूहळू ओढत गेले. यंत्र आतलं चित्रण करत होतं. बोट ‘कट्’ म्हणालं त्याच घटकेला हाडांच्या दोन टोकांमध्ये एक काळा ठिपका उघडला. वायूची पोकळी! सगळा खेळ सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात आटोपला. सांध्यातला द्रव ताणाला सहजासहजी दाद देत नाही; देतो तेव्हा एकदम देतो, आतला दाब कोसळतो आणि द्रवात विरघळलेला वायू बाहेर येतो, सोड्याच्या बाटलीचं बूच उडावं तसा.

त्याआधी बरीच वर्षं समजूत उलटी होती, की आवाज बुडबुडा फुटण्याचा आहे. २०१८ मध्ये दुसऱ्या दोघांनी गणित मांडून पुन्हा तीच बाजू उचलून धरली : बुडबुडा थोडासा जरी चेपला तरी एवढा आवाज होतो. म्हणजे आजीच्या कानशिलावरचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. बोटं मोडून संधिवात होतो ही भीती मात्र फारशी बाळगू नका. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेसाठी राखून ठेवला, आणि संधिवात दोन्हींकडे फिरकला नाही. एका माणसाचा पुरावा तसा लंगडाच. पण चिकाटीला दाद म्हणून २००९ साली त्यांना गमतीचं ‘इग नोबेल’ मिळालं.

बुडबुडा ज्यात उमटतो तो द्रव म्हणजे सांध्याचं वंगण. ते असतं किती? अख्ख्या धडधाकट गुडघ्यात चमचाभरही नाही. हे वंगण पसरतं ते कूर्चेवर. मटणाच्या नळीच्या टोकावर जो पांढरा, चकचकीत, बुळबुळीत थर दिसतो ना, तीच ही कूर्चा. आपल्या गुडघ्यात ती जेमतेम दोन-चार मिलिमीटर जाडीची. तिच्यावरून समोरच्या हाडावरची तिची जोडीदार घसरते तेव्हा होणारं घर्षण बर्फावरून बर्फ सरकताना होतं त्याहूनही कमी असतं. आणि इतक्या कष्टाच्या जागी असूनही कूर्चेत एकही रक्तवाहिनी नाही. मग ती जेवते कशी? पाण्यातल्या स्पंजसारखी. भार पडला की द्रव पिळून बाहेर, भार सरला की ताजा द्रव आत. सांधा हलला तर तिला घास मिळतो.

रक्त नाही म्हणून डागडुजीही नाही. कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, असं लंडनच्या विल्यम हंटरने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यावर वैद्यकाची रीत एकच : दुखावलेला सांधा बांधा आणि हलू देऊ नका. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने तर सक्तीच्या, अखंड, दीर्घ विश्रांतीचा मंत्रच दिला. आपले हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधत, इस्पितळात प्लॅस्टर घालत, श्रद्धा तीच.

या श्रद्धेला हात घालणारा माणूस टोरांटोच्या ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’मध्ये होता : रॉबर्ट सॉल्टर. नाव परकं वाटत असलं तरी आपल्याकडचा कुठलाही हाडांचा डॉक्टर ते रोज घेतो. आंब्यावरून पडलेल्या पोराचं मनगट सुजलं आणि फोटोत हाडाच्या वाढीच्या चकतीला इजा दिसली, तर कागदावर ‘सॉल्टर-हॅरिस टाइप टू’ असं काहीतरी उमटतं. ती वर्गवारी याच सॉल्टरची, १९६३ सालची.

१९७० च्या सुमारास सॉल्टरने जे तर्कशास्त्र मांडलं ते शाळकरी मुलालाही पटावं इतकं सोपं आहे. सांधा बांधून ठेवला तर तो आखडतो आणि कूर्चा उपाशी मरते. अधूनमधून हलवला तर बरा राहतो. मग अखंड हलवला तर? अडचण एकच, स्नायू थकतात. तेव्हा सांधा त्याच्या मालकाने हलवायचाच नाही. यंत्राने हलवायचा, दिवसरात्र, संथपणे. शरीरात असे न थांबणारे सांधे आहेतच की. बरगड्या पाठीच्या कण्याला जिथे जोडल्या आहेत ते सांधे श्वासागणिक हलतात, जन्मापासून शेवटच्या श्वासापर्यंत. त्यांना कुणी सुट्टी देत नाही.

सॉल्टरने सशांच्या गुडघ्यांच्या कूर्चेत बारीक भोकं पाडली. काहींचे पाय बांधून ठेवले, काहींना पिंजऱ्यात मोकळं सोडलं, काहींचे पाय यंत्राला जोडले. १९८० मध्ये निकाल छापून आला. तरुण सशांत खऱ्या, काचेसारख्या कूर्चेने भरून आलेली भोकं बांधलेल्या गटात शंभरात ८, मोकळ्या गटात ९, आणि यंत्राच्या गटात ५२. आकडे पुन्हा वाचा. जवळजवळ अडीचशे वर्षं जी गोष्ट होत नाही म्हणून सांगितली जात होती, ती निम्म्याहून अधिक भोकांत झाली होती, औषधाचा थेंबही न देता, नुसत्या हलवण्याने.

१९७८ मध्येच पहिल्या रुग्णांना ही पद्धत लावली होती, जॉन सॅरिंजर या अभियंत्याच्या मदतीने माणसांसाठी यंत्र बनलं, आणि पुढे ते जगभर गेलं. सर्वांत जास्त कुठे? गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर. तिथे मात्र अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा फायदा किरकोळ निघाला. मला यात सॉल्टरची हार दिसत नाही. बदललेल्या गुडघ्यात धातू आणि प्लॅस्टिक असतं; तिथे यंत्राने घास भरवायचा तो कुणाला? सॉल्टरचा खरा विजय यंत्राविना झाला. आज शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी, रुग्णाला उभं करून चालवतात.

गुडघा हा शाळेच्या पुस्तकातला बिजागरीचा सांधा, खांदा उखळीचा. पण खांद्याची उखळ नावालाच. ती बशीइतकी उथळ आहे. म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच त्याला जागेवर धरून ठेवायला चार स्नायूंच्या कंडरांची, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांची, एक टोपी घातलेली असते : रोटेटर कफ. या दोऱ्या फाटतात, झिजतात. आणि कधी कधी चाळिशीच्या आसपास, काही पडझड नसताना, त्यांत चक्क कॅल्शियमचा खडू साठतो. मग एका रात्री खांदा असा ठणकतो की माणूस कूस बदलताना रडतो.

जुनं स्पष्टीकरण असं, की कंडरा सडली, म्हणून त्यात चुना बसला. ओटावात हान्स उथॉफ आणि पॅथॉलॉजिस्ट किरीटी सरकार यांनी असे ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९७६ मध्ये वेगळीच गोष्ट सांगितली. कंडरेतल्या जिवंत पेशी आधी आपलं रूप बदलून कूर्चेच्या पेशींसारख्या होतात, मग चुना साठवतात. तेव्हा दुखणं थोडंच असतं. मग केव्हातरी, कुणालाही न विचारता, शरीर सफाई सुरू करतं. नव्या रक्तवाहिन्या शिरतात, भक्षक पेशी चुना खाऊ लागतात, कोरडा खडू टूथपेस्टसारखा मऊ होतो, आतला दाब वाढतो. असह्य कळ येते ती याच वेळी, खांदा बरा होत असताना! सफाई आटोपली की कंडरा पुन्हा आपली आपण बांधली जाते. बाळंतकळांशिवाय इतकी शुभ वेदना माझ्या ऐकिवात नाही. (ठणकणारा प्रत्येक खांदा काही या जातीचा नसतो; ते डॉक्टरांना ठरवू द्या.)

आवाज, विश्रांती, वेदना : तिन्हींचा अर्थ आपण गृहीत धरला होता तसा निघाला नाही. कॅनडातल्याच, ऑन्टारियो प्रांतातल्या लंडनमध्ये अलेक्झांड्रा किर्कली यांनी असंच चौथं गृहीतक तपासायला घेतलं : झिजलेला गुडघा दुर्बिणीने आतून धुऊन-खरवडून काढला की आराम पडतो. १७८ रुग्णांना औषधं आणि व्यायाम दिले, त्यांतल्या निम्म्यांवर शिवाय दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. २००८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा किर्कली हयात नव्हत्या; २००२ मध्ये विमान अपघातात त्या गेल्या होत्या.

ती बरोबरी मोजली कशाने? एका प्रश्नावलीने. तीही कॅनडाचीच, निकोलस बेलामी यांनी ऐंशीच्या दशकात तयार केलेली ‘वोमॅक’. २४ प्रश्न : पाच वेदनेचे, दोन आखडण्याचे, सतरा रोजच्या हालचालींचे. यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. ज्याचा गुडघा त्यालाच विचारायचं. जगभरच्या संधिवाताच्या संशोधनात ती वापरतात, भारतातही. पण प्रश्न ज्या देशात जन्मले त्या देशाचा गारठा त्यांना चिकटला आहे. २४ पैकी दोन प्रश्न मोज्यांचे : पायात चढवताना त्रास होतो का, आणि काढताना होतो का. मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, पंगतीतून हात न टेकता उठता येतं का, यांतला एकही प्रश्न तिच्यात नाही. तेव्हा गुडघा दाखवायला जाल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी एवढं आपणहून सांगा.