समुद्रकांठचे दगड आणि भिंगाची दृष्टि

समुद्रकांठीं पडलेला एखादा गोटा सुंदर दिसला, म्हणजे त्याचें छायाचित्रहि सुंदर येईल असें पुष्कळांस वाटतें. आणि चित्र हातीं आलें कीं त्यांची निराशा होते. ह्याचें कारण उघड आहे. डोळा आपल्याला हवी ती वस्तु निवडतो व भोंवतालचें सारें विसरतो. भिंगाला मात्र विसरतां येत नाहीं. वाळूंतला शिंपला, वाळलेली काडी, शेजारच्या गोट्याची अर्धवट कडा, हीं सर्व तें सारख्याच निष्ठेनें टिपतें. डोळ्यानें केलेली निवड भिंगाकडून करवून घेणें, हीच ह्या चित्रांची खरी विद्या होय.

ह्या विद्येचा आदर्श पाहावयाचा तर अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन ह्याच्याकडे वळावें. १८८६ सालीं जन्मलेला हा कलावंत १९२९ सालीं कॅलिफोर्नियांतील कार्मेल गांवीं राहावयास आला, आणि जवळच्या पॉइंट लोबोस ह्या भूशिरावर लाटांनीं झिजविलेले खडक व गोटे त्यानें पुढें अनेक वेळां टिपले. १९३२ सालीं त्यानें अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स प्रभृति मित्रांसह जें मंडळ स्थापिलें, त्याचें नांव ‘एफ ६४’. ह्या नांवांतच निकटचित्राची निम्मी अडचण सांठविलेली आहे.

कॅमेरा वस्तूच्या जितका जवळ न्यावा, तितका रेखीव दिसणारा पट्टा अरुंद होतो. गोट्याचा माथा स्पष्ट आला, तर त्याच्या कडा धूसर होतात. ह्यावर उपाय म्हणजे भिंगाचें छिद्र लहान करणें. एफ ६४ म्हणजे नाभ्यंतराच्या चौसष्टाव्या भागाइतकें छिद्र. ३०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगाला तें ५ मिलिमीटरहि भरत नाहीं. साहजिकच प्रकाश कमी मिळतो. शिवाय गोट्याची प्रतिमा त्याच्या मूळ आकाराएवढी हवी असेल, तर भिंग पटलापासून नाभ्यंतराच्या दुप्पट अंतरावर न्यावें लागतें व मिळणारा प्रकाश एकचतुर्थांशच उरतो. म्हणून पटल बराच वेळ उघडें ठेवणें आणि कॅमेऱ्याला तिपाईचा आधार देणें प्राप्त होतें. आजच्या लहान कॅमेऱ्यांत छिद्र फारच लहान केलें तर प्रकाश पसरून सगळेंच चित्र मऊ पडतें. म्हणून वेगवेगळ्या खोलीवर रोखलेलीं अनेक चित्रें घेऊन संगणकावर त्यांचें एक चित्र जुळविण्याची रीति रूढ झाली आहे.

प्रकाशाची निवडहि तितकीच महत्त्वाची. भर दुपारचें ऊन दगडाला सपाट करतें. सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश पृष्ठभागावरील बारीक खळगे उठावानें दाखवितो, तर ढगाळ दिवसाचा मंद प्रकाश रंगांना न्याय देतो. दगड ओला असेल, तर पाणी त्याचा खरबरीतपणा भरून काढतें. त्यामुळें विखुरणारा प्रकाश कमी होऊन रंग गडद दिसतात. मात्र पाण्याची चकाकी कोठें पडते इकडे लक्ष ठेवावें लागतें.

वेस्टनचा कॅमेरा ८ इंच बाय १० इंच आकाराचा. त्याच्या दुधी कांचेवर प्रतिमा उलटी दिसे. ही गैरसोय खरी, परंतु तिचा लाभहि होता. उलटा दगड दगड राहत नाहीं. तो काळ्या-पांढऱ्या आकारांचा मेळ होतो, आणि त्या मेळांतील दोष चटकन् दिसतो. आज चौकट जुळवितांना तीन गोष्टी तपासाव्या: कडेला कांहीं निष्कारण तुटलें आहे काय, गोट्यांमधील रिकाम्या जागांनाहि आकार आहे काय, आणि नजर अखेर कोठें विसावते.

वेस्टन त्याच आकाराच्या निगेटिव्हवरून, ती कागदाला चिकटवून, प्रत काढी. मागाहून कडा छाटण्यावर तो विसंबत नसे. जें ठरवावयाचें तें कांचेवरच ठरे. परंतु अंधाऱ्या खोलींत एखादा भाग उजळ वा गडद करण्यास त्याची ना नव्हती. संस्करणाची मर्यादा येथेंच समजते. पाहिलें तें स्पष्ट करणें योग्य; समुद्रानें न दिलेला रंग दगडाला चढविणें अयोग्य.

पुढें कंपवातानें वेस्टनच्या हातांतील बळ हरपलें. १९४८ सालीं त्यानें पॉइंट लोबोस येथेंच आपलें शेवटचें छायाचित्र घेतलें, आणि तेंहि झिजलेल्या खडकांचेंच. त्यानंतर त्याच्या देखरेखीखालीं त्याचा पुत्र ब्रेट ह्यानें निवडक निगेटिव्हांच्या प्रती काढल्या. हात थांबला तरी कोणती छटा बरोबर हें सांगणारी दृष्टि थांबली नाहीं. १९५८ सालीं त्याचें निधन झालें. त्याच भूशिरावरील एक गोटेरी किनारा आज वेस्टनच्या नांवानें ओळखला जातो. तो प्रदेश संरक्षित असून तेथून एक खडाहि उचलून नेण्यास मनाई आहे. दगड जागच्या जागीं ठेवून त्याचें रूप तेवढें घरीं आणावें, ह्यासाठींच ही सारी विद्या आहे.