व्यवसायप्रसिद्धी आणि ऑनलाइन प्रतिकूल अभिप्राय : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत पर्यटन, वारली चित्रकला, मुखवटे व बांबूकाम यांवर आधारित लघुउद्योगांची प्रसिद्धी आता मोठ्या प्रमाणावर मोबाइलद्वारे होऊ लागली आहे. या प्रसिद्धीबरोबर प्रतिकूल अभिप्रायही येतात. कामावरील टीका आणि माणसांची अवहेलना या दोन भिन्न गोष्टी असून त्यांना भिन्न उत्तरे द्यावी लागतात. या दोहोंची गल्लत झाली की व्यवसायाचे आणि परिसराचे नुकसान होते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : प्रतिकूल अभिप्राय, व्यावसायिक सौजन्य, ग्रामीण पर्यटन, वारली चित्रकला, जव्हार, मोखाडा.

प्रस्तावना :
पूर्वी असमाधानी गिऱ्हाईक चार घरी नाव ठेवत असे. ते बोल त्या पंचक्रोशीत फिरत आणि काही दिवसांनी विरून जात. आज तेच बोल लेखी स्वरूपात, ताऱ्यांच्या मोजमापासह, कायमचे राहतात आणि ज्याने जव्हार कधी पाहिलेले नाही अशा वाचकालाही ते दिसतात. मोठ्या कंपनीकडे अशा प्रसंगी जनसंपर्क विभाग असतो, कायदेशीर सल्लागार असतो. घरगुती निवासव्यवस्था चालविणाऱ्या कुटुंबाकडे किंवा नाचणीचे पदार्थ विकणाऱ्या बचत गटाकडे यांपैकी काहीही नसते. अभिप्राय बहुधा इंग्रजीत वा हिंदीत येतो आणि ज्याच्याविषयी तो असतो, त्याच्या घरची बोली वारली किंवा कोकणा असते. म्हणून हा प्रश्न केवळ विपणनशास्त्राचा नसून तो भाषेचा व सामाजिक प्रतिष्ठेचाही आहे.

उद्दिष्टे :
१) जव्हार-मोखाडा परिसरातील व्यवसायांच्या संदर्भात प्रतिकूल अभिप्रायांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) प्रत्येक प्रकारच्या अभिप्रायास द्यावयाच्या उत्तराची तत्त्वे मांडणे.
३) या कामी स्थानिक महाविद्यालयांची भूमिका सुचविणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून सार्वजनिक नोंदींतील घटना व कायद्यातील तरतुदी यांचा आधार घेतला आहे. लेखातील उत्तरांचे मसुदे नमुन्यादाखल दिलेले आहेत.

१. परिसर आणि त्याची प्रतिमा :
१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार व मोखाडा हे त्यातील डोंगराळ तालुके होत. येथील लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, क ठाकूर, महादेव कोळी, कातकरी हे येथील प्रमुख समाज. मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी असलेले जव्हार, तेथील जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, शिरपामाळ, मोखाड्यातील सूर्यमाळ आणि खोडाळ्याजवळील देवबांध ही पर्यटकांना आकर्षित करणारी स्थळे आहेत.

मात्र या परिसराचे नाव दूरच्या वाचकापर्यंत पोहोचले ते बहुधा वेगळ्याच कारणाने. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे ‘जव्हार म्हणजे कुपोषण’ असे समीकरण रूढ झाले. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी ते पुन्हा दृढ केले. येथील उद्योजक आपली पहिली जाहिरात करतो तेव्हा त्याच्या मालाविषयी कोणाचे काहीच मत नसते. गावाविषयीचे मत मात्र आधीच तयार असते, आणि त्याचा भार उद्योजकाला वाहावा लागतो.

२. जिल्ह्यातील दोन प्रसंग :
पुढील दोन्ही प्रसंग व्यापारातील नाहीत. तथापि प्रतिकूल मताला उत्तर कसे देऊ नये, हे त्यांतून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या पाठ्यपुस्तकातून होणार नाही.

पहिला प्रसंग नोव्हेंबर २०१२ मधील आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर मत व्यक्त केले आणि तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. जमावाने त्यांपैकी एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. पुढे संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. या घटनेतून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ज्या मताकडे दुर्लक्ष केले असते तर ते मोजक्या परिचितांपुरते राहिले असते, ते दडपण्याच्या प्रयत्नामुळे देशभर पोहोचले. येथे एका साध्या मताला अपमान समजले गेले.

दुसरा प्रसंग सप्टेंबर २०१६ मधील आहे. तत्कालीन आदिवासी विकासमंत्री मोखाडा तालुक्यातील खोच येथे, दगावलेल्या बालकाच्या कुटुंबाच्या भेटीस गेले असता त्यांना ग्रामस्थांच्या रोषास सामोरे जावे लागले. त्या वेळी त्यांनी ‘मग काय झाले?’ अशा आशयाचे उद्गार काढल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी अमृत आहार योजना तेव्हा सुरू झालेली होती. परंतु लोकांच्या लक्षात ती योजना राहिली नाही, ते शब्द राहिले. येथे रास्त तक्रारीला हल्ला समजले गेले.

पहिल्या प्रसंगात मताला गुन्हा मानले गेले, दुसऱ्यात दुःखाला विरोध मानले गेले. व्यवसायातही नेमक्या याच दोन चुका होतात.

३. प्रतिकूल अभिप्रायांचे प्रकार व उत्तरे :

अ) रास्त तक्रार :
‘मे महिन्यात गेलो, स्नानगृहात पाणी नव्हते’ असा अभिप्राय मोखाड्यातील एखाद्या निवासव्यवस्थेस येऊ शकतो. तो खोटा नसतो. मोखाड्यातील कोचाळे येथील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. यजमानाच्या मनात हा सल असणे स्वाभाविक आहे. ‘तुमच्या शहरासाठीच आमचे पाणी जाते’ असे लिहिण्याचा मोह त्याला होतो. हे विधान खरे असले तरी पाहुण्याच्या तक्रारीचे ते उत्तर नव्हे. पाहुण्याने पैसे मोजले होते ते खोलीचे.

अशा वेळी आधी दुरुस्ती आणि मग उत्तर हा क्रम पाळावा. साठवणुकीची टाकी बसवावी, जाहिरातीत ‘एप्रिल-मे महिन्यांत पाणी मोजून दिले जाते’ असे आधीच नमूद करावे आणि नंतर लिहावे : ‘आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत. त्या दिवशी टँकर उशिरा आला. आता वेगळी टाकी बसविली आहे. उन्हाळ्यातील पाण्याची स्थिती आम्ही आता नोंदणीच्या वेळीच सांगतो.’ या उत्तराचा खरा वाचक तक्रारदार नसून पुढील महिन्यात येऊ इच्छिणारा अनोळखी माणूस असतो. तक्रार आलीच नाही असा व्यवसाय त्याला कदाचित खरा वाटणार नाही, तक्रार निवारली गेली असा व्यवसाय मात्र विश्वासार्ह वाटतो.

आ) गैरसमज किंवा अपुरी माहिती :
‘एवढ्याशा चित्राला एवढी किंमत? छापील चित्र शंभर रुपयांत मिळते’ हा वारली चित्रकारांना परिचित असलेला शेरा. त्यात दुष्टावा नसतो, अज्ञान असते. अशा शेऱ्याला माहितीने उत्तर द्यावे. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने रेखाटन, लग्नघरी सवाशिणींनी काढावयाचा चौक, त्यातील पालघट देवी ही परंपरा आणि एका चित्रास लागलेले दिवस यांविषयी दोन-तीन वाक्ये व काम चालू असतानाचे छायाचित्र पुरेसे होते. वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, तसेच या कलेचे थोर चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. ही माहिती विक्रीच्या पृष्ठावर प्रथमच दिलेली असेल तर निम्म्या शंका उद्भवणारच नाहीत.

बोहाड्याच्या मुखवट्यांविषयीही असेच घडते. देव-दानवांची ही सोंगे परक्या माणसाला केवळ भयावह दिसतात. मुखवट्यासोबत ते सोंग कोणाचे आणि ते केव्हा नाचविले जाते, एवढी चिठ्ठी जोडली तरी त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटते.

इ) खोटा अभिप्राय व अफवा :
कधीही न आलेल्या व्यक्तीने लिहिलेला, प्रतिस्पर्ध्याने लिहविलेला किंवा ‘पैसे परत करा, नाहीतर एक तारा देतो’ अशा धमकीनंतर आलेला अभिप्राय या प्रकारात मोडतो. येथे क्षमायाचना अनावश्यक असते, मात्र संतापही उपयोगाचा नसतो. नोंदवही तपासावी, पडद्याची प्रतिमा तारखेसह जतन करावी, संबंधित संकेतस्थळाकडे रीतसर हरकत नोंदवावी आणि जाहीर उत्तरात एवढेच लिहावे : ‘या नावाची व या तारखेची नोंद आमच्याकडे नाही. कृपया नोंदणी क्रमांक कळवावा, आम्ही अवश्य चौकशी करू.’

अफवेचे परिणाम किती भीषण होऊ शकतात, हे याच जिल्ह्याने अनुभवले आहे. १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे चोरांविषयीच्या अफवांच्या वातावरणात जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. त्यानंतर त्या घटनेस धार्मिक रंग देणारा मजकूर पसरू लागला, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची नावांची यादीच जाहीर केली. अफवेला विशेषणांनी नव्हे, पडताळता येईल अशा तपशिलाने उत्तर द्यावे लागते.

ई) अवहेलना :
‘कुपोषितांच्या गावात जेवायला कोण जाणार’, ‘जंगली लोकांच्या हातचे’ अशा स्वरूपाचा मजकूर हा अभिप्राय नव्हेच. व्यवसाय करणाऱ्याने सर्व सहन करावे, गिऱ्हाईक देव असते, असा उपदेश या ठिकाणी लागू करणे अन्यायकारक ठरेल. सेवेतील उणिवेबद्दल क्षमा मागता येते. आपल्या जन्माबद्दल, भाषेबद्दल वा गावाबद्दल क्षमा मागण्याचे कारण नाही. वाद न घालता पुरावा जतन करणे, मजकूर हटविण्याची मागणी करणे आणि जातिवाचक अपमान असल्यास अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ अन्वये दाद मागता येईल का, याचा सल्ला घेणे हा मार्ग योग्य होय.

४. मोठ्या उद्योगाचे एक उदाहरण :
एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटा या पेयातील साखरेविषयी एका तरुणाने केलेली चित्रफीत गाजली. कंपनीने कायदेशीर नोटीस दिली आणि त्याने चित्रफीत काढून टाकली. परंतु विषय संपला नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे विचारणा केली आणि त्याच वर्षअखेरीस उत्पादनातील अतिरिक्त साखरेचे प्रमाण कमी करण्यात आल्याचे वृत्त आले. शेवटी जी दुरुस्ती झाली ती आरंभीच झाली असती तर नोटिशीची वेळ आली नसती. ज्यांच्याकडे वकील आहेत त्यांनाही जे साधले नाही, ते लहान उद्योजकाने धमकीच्या भाषेने साधण्याचा प्रयत्न करू नये.

५. उत्तराची पथ्ये आणि कायद्याची चौकट :
उत्तर पहिल्या रागात लिहू नये, तथापि फार विलंबही लावू नये. मोखाड्याच्या अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे आठवड्यातील ठरावीक दिवशी अभिप्राय वाचण्याची जबाबदारी कुटुंबातील किंवा गटातील एकाकडे सोपवावी. उत्तर स्वतःच्या सोप्या मराठीत लिहिले तरी चालते, कारण उसन्या इंग्रजीपेक्षा त्यात प्रामाणिकपणा अधिक दिसतो. ग्राहकाचे नाव, दूरध्वनी क्रमांक वा मुक्कामाचा तपशील उत्तरात उघड करू नये. वाद वाढण्याची चिन्हे दिसल्यास एक सौजन्यपूर्ण उत्तर देऊन पुढील बोलणे दूरध्वनीवर न्यावे.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांविषयी आय.एस. १९०००:२०२२ हे मानक जाहीर केले आहे. खरेदी केलेले किंवा खोटे अभिप्राय रोखणे हा त्यामागील प्रमुख हेतू होय. नातेवाइकांकडून पाच तारे लिहवून घेणे हे म्हणूनच केवळ अनुचित नाही, तर ते उघडकीस आल्यास खऱ्या स्तुतीवरचाही विश्वास उडतो. मानहानीची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तथापि सार्वजनिक हिताचे सत्य कथन व सद्भावनेने व्यक्त केलेले मत यांना तिच्यातील अपवादांनी संरक्षण दिलेले आहे, हे विसरता कामा नये.

६. महाविद्यालयांची भूमिका :
या परिसरातील अनेक घरांत इंग्रजी अभिप्राय वाचू शकणारी पहिली व्यक्ती म्हणजे महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी होय. वाणिज्य विभागाने क्षेत्रप्रकल्पात स्थानिक व्यवसायांच्या अभिप्रायांचे वर्गीकरण करून घ्यावे. मराठी व इंग्रजी विभागांनी व्यावहारिक लेखनाच्या तासाला जुन्या अर्जांच्या नमुन्यांबरोबर तक्रारीला उत्तर हा प्रकार शिकवावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात बचत गटांसाठी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेता येईल. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही.

निष्कर्ष :
१) प्रतिकूल अभिप्रायास उत्तर देण्यापूर्वी तो कामाविषयी आहे की माणसांविषयी, हे ठरविणे ही पहिली पायरी होय.
२) रास्त तक्रारीचे खरे उत्तर दुरुस्ती हे असून शब्द त्यानंतर येतात.
३) गैरसमजास माहिती, खोट्यास पुरावा आणि अवहेलनेस कायदा हे उपाय योग्य ठरतात.
४) परिसराची प्रतिकूल प्रतिमा नाकारून पुसली जात नाही. कुपोषण नव्हतेच असे म्हणणारी जाहिरात कोणी मानणार नाही. परंतु त्याच मातीतील नाचणीची भाकरी, हाताने रेखाटलेला चौक आणि दिलेला शब्द पाळणारा यजमान यांचा अनुभव घेऊन परतलेला पाहुणा जे लिहील, ते लोक मानतील.