ऑनलाइन अभ्यासक्रम : प्रवेशाआधीची पडताळणी

गेल्या दिवाळीत हट्टा येथे आमच्या नात्यातील एका तरुणाने माझ्यासमोर एक कागद ठेवला. वडील अकाली गेल्यामुळे बारावीनंतरच त्याला दुकानाच्या गादीवर बसावे लागले. पदवीच्या ओढीने त्याने कर्ज काढून एका खासगी कंपनीकडे शुल्क भरले होते. कागदावर विद्यापीठाचे नावच नव्हते. पदवी मिळाली नाही. हप्ते मात्र चालू राहिले. उभी हयात कर्जप्रकरणे तपासण्यात घालवलेल्या मी त्याला वेळीच विचारले नाही, ही खंत मला आहे.

कर्ज मंजूर करताना आमचा पहिला प्रश्न असे, ‘कशासाठी?’ अभ्यासक्रमालाही तोच लावावा. आपला वसमत परिसर हळदीचा. व्यापाऱ्याला जीएसटी, वायदेबाजार किंवा हिशेबाचे संगणकीकरण शिकायचे असेल, तर पदवीची गरज नाही; काही आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरतो. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर २०१७पासून असे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते.

पदवीच हवी असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी पाहावी. विद्यापीठाचे नाव असणे पुरेसे नाही. आपला अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे सत्रही त्यात असावे. विद्यापीठांनी कंपन्यांना मध्ये घालून, फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवू नयेत, हे आयोगाने २०२२ मध्ये बजावले आहे. दुकान सांभाळून मराठीतून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहेच.

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करता येतात. मात्र आपले विद्यापीठ ते श्रेयांक स्वीकारते का, हे महाविद्यालयात आधी विचारून घ्यावे.

शेवटचा प्रश्न वेळेचा. ‘स्वयम्’ची सत्रे जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. जानेवारीच्या सत्राची परीक्षा ऐन उन्हाळ्यात, हळदीची आवक भरात असताना येते. आपल्या घरांना जुलैचे सत्र सोयीचे.

त्या तरुणाने यंदा जुलैत लेखाकर्माचा छोटा अभ्यासक्रम घेतला आहे. रात्री रोजमेळ जुळला, की तो धडे ऐकतो. पदवीची इच्छा त्याने सोडलेली नाही. या वेळी प्रवेशाआधी ती यादी आम्ही दोघे शेजारी बसून पाहणार आहोत.