एसीतला गॅस दरवर्षी संपत नाही

मार्च उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप येतो: "एसीवाला आलाय, कुणाला गॅस भरून घ्यायचाय का?" लगेच चार-पाच घरांतून होकार जातात. वर्षभरात एसीतला गॅस संपतो, म्हणून उन्हाळ्याआधी तो भरून घ्यायचा, ही समजूत इतकी मुरली आहे की गॅस खरोखर कमी झालाय का, एवढंही कुणी विचारत नाही. पैसे जातात ते जातातच, आणि कुठे बिघाड असेल तर तो तसाच राहतो.

हा गॅस जळत नाही, खर्च होत नाही, खोलीतही येत नाही. बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर तो दाबतो, तिथल्या कॉइलमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, आतल्या कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना खोलीतली उष्णता शोषतो आणि परत कॉम्प्रेसरकडे जातो. हे सगळं बंद नळ्यांमध्ये चालतं. घरातला फ्रिज याच तत्त्वावर बारा महिने, चोवीस तास चालतो. त्यात कुणी दर उन्हाळ्यात गॅस भरतं का? मग वर्षातले चार महिने चालणाऱ्या एसीलाच तो दरवर्षी का लागावा?

गॅस कमी असण्याची कारणं दोनच: बसवतानाच कमी भरला गेला, किंवा कुठेतरी गळती आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ग्राहकांसाठीच्या माहितीत हेच सांगितलंय, आणि गळती असेल तर नुसता गॅस घालणं हा उपाय नव्हे, असंही स्पष्ट म्हटलंय. गळती होते, यात शंका नाही. स्प्लिट एसीच्या दोन युनिटना जोडणाऱ्या नळ्यांचे सांधे कारखान्यात नव्हे, तुमच्या घरी पितळी नटांनी आवळलेले असतात. तिथे हात कमी-जास्त पडला की गॅस हळूहळू निघून जातो. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी कॉइल गंजून तिला बारीक भोकं पडतात. पण हा बिघाड झाला. त्याला देखभाल म्हणायचं आणि दरवर्षी त्याचे पैसे मोजायचे, हे मला मुळीच पटत नाही.

गळती शोधता येते. गॅससोबत कॉम्प्रेसरचं थोडं तेलही नळ्यांतून फिरत असतं. त्यामुळे सांधा गळत असेल तर नटाभोवती तेलकट डाग पडतो आणि त्याला धूळ चिकटून तो काळा होतो. त्यावर साबणाचा फेस लावला की एक बुडबुडा सावकाश फुगताना दिसतो. इतकी उघड गळती नसेल तर नळ्यांत नायट्रोजन भरून गेजचा काटा खाली येतो का, ते बघत थांबावं लागतं. गळती बुजवल्यावर व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, आणि मगच गॅस भरायचा, तोही सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून. कोणता गॅस आणि किती, हे बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्याबरोबर दाबही बदलतो. तिथे नुसता गेज लावून "गॅस डाऊन आहे" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. "दादा, गळती कुठे आहे ते दाखवा," एवढं म्हणा. हे काम दहा मिनिटांत होत नाही, आणि नीट करणाऱ्या मेकॅनिकला त्या वेळाचे पैसे द्यायला आपण कुरकुर करतो, हेही तितकंच खरं.

"पण गॅस भरल्यावर कूलिंग वाढतं, त्याचं काय?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी ऐकावा लागतो. अहो, त्याच फेरीत मेकॅनिकने फिल्टर झटकलेला असतो आणि पंप लावून दोन्ही कॉइल धुतलेल्या असतात! हवेची वाट मोकळी झाली, म्हणून खोली गार झाली. श्रेय मात्र गॅसला जातं. फिल्टर तुंबला की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर बर्फ होऊन बसते. गॅस कमी असला तरीही बर्फ धरतो. म्हणून बर्फ दिसला की आधी एसी बंद करून तो वितळू द्या, फिल्टर धुवा आणि मग बघा. तुंबलेला फिल्टर स्वच्छ केल्याने एसीची वीज 5 ते 15 टक्के वाचू शकते, असं त्याच ऊर्जा विभागाचं म्हणणं आहे. पुढचं झाकण उचला, जाळ्या ओढून काढा, मागच्या बाजूने नळाचं साधं पाणी सोडा, सावलीत पूर्ण वाळवा. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी; शेजारी बांधकाम सुरू असेल तर त्याआधीच.

दरवर्षी गॅस लागतो, हा समज बहुधा गाडीवरून आला असावा. साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो, त्याच्या दांड्याला सील असतं, नळ्यांत रबर असतं. तिथे गॅस थोडा थोडा झिरपतो. घरच्या एसीत मोटर आणि कॉम्प्रेसर वेल्डिंग केलेल्या एकाच पोलादी डब्यात बंद असतात.

गळक्या एसीत गॅस ओतत राहण्यात धोकाही आहे. आर-32 हा एसीतला गॅस सौम्य ज्वलनशील आहे. काही एसींत असणारा आर-290 म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलाच एक घटक. शिवाय हवेत सुटलेला एक किलो आर-32 शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे 675 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकवतो. जुन्या एसीतला आर-22 तर ओझोनचा थरही विरळ करतो. 1987च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होतोय.

बाकीचे समज थोडक्यात. घर बदललं की गॅस नव्याने भरावाच लागतो, असं नाही: एसी उतरवण्याआधी पंप डाउन करून सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडता येतो. नव्या घरी पाइप बराच लांब टाकावा लागला, तरच वर थोडा लागतो. आतल्या युनिटमधून पाणी ठिबकणं म्हणजे गॅस गळणं नव्हे. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी असतं आणि बहुतेक वेळा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. कुबट वासही गॅसचा नसतो. ओल्या कॉइलवर आणि ट्रेमध्ये वाढलेल्या बुरशी-जिवाणूंचा असतो. रिमोटवर 24ऐवजी 16 लावल्याने तापलेली खोली 24पर्यंत लवकर येत नाही, कारण तोवर कॉम्प्रेसर दोन्ही वेळा जोरातच चालतो. उलट ऊर्जा दक्षता ब्युरोच्या (बीईई) हिशेबाने एक अंश वर ठेवला तर सुमारे 6 टक्के वीज वाचते. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो, म्हणून अधूनमधून खिडकी उघडा. आणि बाहेरचं युनिट पावसात भिजायलाच बनवलेलं असतं. त्यावर प्लास्टिक घातलंच असेल, तर एसी सुरू करण्याआधी ते आठवणीने काढा.